संग्रहालय झालेली युद्धनौका कशी पाहावी: आधी तळ, मग तोफा, शेवटी ब्रिज

युद्धनौका पाहून आलेल्या माणसाला विचारा, इंजिनरूम पाहिली का? बहुतेक वेळा उत्तर येते, "तिकडे जायचं राहिलंच." गँगवे, म्हणजे धक्क्यावरून जहाजावर जायचा पूल, ओलांडला की समोर उघडा डेक येतो, तोफा येतात, वारा येतो. माणूस तिथेच तासभर रमतो. मग ब्रिजपर्यंत, म्हणजे जहाज जिथून हाकतात त्या वरच्या कक्षापर्यंत, चढतो, पाय भरून येतात, आणि खाली जाणारी उभी शिडी पाहून म्हणतो, राहू दे. तोवर खालचे मजले बंद व्हायची वेळही झालेली असते. ज्या भागामुळे ते जहाज चालत होते, लढत होते आणि शेकडो माणसे त्यात महिनोन् महिने राहत होती, तो भाग न पाहताच माणूस परततो.

म्हणून या लेखात सगळा भर क्रमावर आणि तयारीवर आहे.

## टप्पा १: जहाज जागेवर आहे ना, हे आधी विचारा

दगडी इमारत जागची हलत नाही, जहाज हलते. पोलादी तळ पाण्यात गंजतो आणि काही वर्षांनी त्याला सुक्या गोदीत न्यावेच लागते. अमेरिकेची 'टेक्सस' ही युद्धनौका १९४८पासून संग्रहालय होती. ऑगस्ट २०२२मध्ये तिला ओढून गॅल्व्हेस्टनच्या गोदीत नेले. 'न्यू जर्सी' मार्च २०२४मध्ये कॅम्डेनहून दुरुस्तीला गेली आणि काही महिन्यांनी परतली. बफेलोची 'द सुलिव्हन्स' ही विनाशिका एप्रिल २०२२मध्ये तळातून पाणी शिरून धक्क्यालाच कलंडली. आपली पहिली 'विक्रांत' मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. २०१२मध्ये ती लोकांसाठी बंद झाली आणि २०१४मध्ये भंगारात गेली. तेव्हा दोन वर्षांपूर्वीच्या प्रवासवर्णनावर विसंबून तिकिटे काढू नका.

फोन करा किंवा अधिकृत संकेतस्थळ पाहा, आणि "चालू आहे का?" एवढ्यावर थांबू नका. हे प्रश्न विचारा:

१. सध्या कोणते मजले बंद आहेत? जहाज चालू असते, पण बॉयलररूम रंगकामासाठी बंद असते, असे हमखास होते.
२. शेवटचा प्रवेश किती वाजता? फलकावरची बंद होण्याची वेळ वेगळी आणि शेवटच्या प्रवेशाची वेगळी.
३. खालचे मजले त्याआधी बंद होतात का?
४. मार्गदर्शकाबरोबरच पाहता येतात असे भाग कोणते, आणि त्यांची नोंद कुठे करायची?
५. पिशवी, ओळखपत्र आणि कॅमेऱ्याचे नियम काय?

शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण जहाज चालू नौदल तळाच्या हद्दीत असेल तर सगळा दिवस त्यावर अवलंबून असतो. पर्ल हार्बरची 'मिसुरी' फोर्ड बेटावर आहे. तो लष्करी भाग असल्याने सामान्य पाहुण्यांना अभ्यागत केंद्रावरून बसने जावे लागते, आणि त्या केंद्रातच पाठपिशव्या आणि पर्स नेऊ देत नाहीत. हे माहीत नसलेली माणसे दारातून मागे फिरून सामान ठेवायची जागा शोधत बसतात.

तपासा: जहाज भरती-ओहोटीच्या पाण्यात तरंगत असेल तर ओहोटीला जहाज खाली जाते आणि गँगवेचा उतार बदलतो. बरोबर वयस्कर माणूस किंवा चाकांची खुर्ची असेल तर त्या दिवशीच्या भरतीची वेळ बघून निघा.

## टप्पा २: अंगावर काय, हातात काय

पायात बूट हवेत: सपाट, बंद, नाडीचे किंवा घट्ट बसणारे. चप्पल शिडीच्या अरुंद पायरीवरून निसटते. उंच टाच इंजिनरूमच्या लोखंडी जाळीत अडकते. कपडे असे हवेत की गुडघा छातीपर्यंत उचलता येईल. घोळदार कपडे दाराच्या मुठींमध्ये अडकतात आणि शिडीवर पायाखाली येतात.

टोपी आत जाताना काढून ठेवा. उन्हासाठी घातलेल्या टोपीची झापड नेमकी डोळ्यांच्या वरचे झाकते, आणि युद्धनौकेत डोक्याला लागणारे पाइप, झडपा आणि दाराच्या चौकटी तिथेच असतात. डोके आपटणाऱ्यांना मी जितक्या वेळा पाहिले आहे, त्यांतले निम्मे तरी टोपीवाले होते.

पिशवी शक्यतो नको. न्यायचीच तर लहान, आणि ती पोटावर. पाठीवरच्या पिशवीची रुंदी आपल्याला कळत नाही. अरुंद वाटेत ती मापकांच्या काचांना आणि मागच्या माणसाला लागते. फोनला गळ्यातली दोरी लावा किंवा तो चेन असलेल्या खिशात ठेवा. जाळीतून पडलेला फोन तळातल्या तेलकट पाण्यापर्यंत जातो आणि तिथून तो कोणी काढून देत नाही.

बाबागाडीचा आत उपयोग नाही. तान्ह्या बाळाला पाठीवरच्या झोळीत घेणे धोक्याचे, कारण आपण वाकतो तेव्हा त्याचे डोके चौकटीला लागते. पुढच्या बाजूला बांधा, आणि उभ्या शिड्यांचा भाग आळीपाळीने पाहा.

## टप्पा ३: गटाची वाटणी धक्क्यावरच करा

गुडघेदुखी, चक्कर, बंदिस्त जागेची भीती किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल, तर ते शिडीच्या तोंडाशी सांगण्यापेक्षा आधी सांगितलेले बरे. मध्येच थांबलेला माणूस मागच्या वीस जणांना अडवतो, आणि त्या संकोचाने नको तिथे उतरतो. बहुतेक जहाजांवर मुख्य डेक, आणि विमानवाहू नौकेवर हँगर (विमाने ठेवायचे दालन), एवढाच भाग शिडीशिवाय पाहता येतो.

भेटायची जागा आणि वेळ ठरवून ठेवा. पोलादी भिंतींच्या आत फोनला रेंज नसते. "खाली गेल्यावर फोन करतो" म्हणणारी कुटुंबे एकमेकांना शोधण्यात तास घालवतात.

वेळेचा माझा हिशेब असा: पाणबुडीला पाऊण तास, लहान जहाजाला दीड तास, क्रूझरला तीन तास. विमानवाहू नौकेला अर्धा दिवसही अपुरा पडतो.

## टप्पा ४: चढण्याआधी दहा मिनिटे काठावर

एकदा वर चढलात की जहाज दिसत नाही, त्याचे तुकडे दिसतात. म्हणून आधी काठावरून पूर्ण लांबी एका नजरेत घ्या आणि खालचे मजले ओळखून ठेवा. धुराड्याच्या जवळपास खाली बॉयलर असतात. लंडनमध्ये थेम्स नदीत उभ्या असलेल्या 'बेलफास्ट'ला दोन धुराडी आहेत, कारण तिच्या बॉयलररूम दोन आहेत आणि त्यांच्या मध्ये एक इंजिनरूम आहे. एका माऱ्याने सगळी यंत्रणा ठप्प होऊ नये म्हणून ही मांडणी. काठावर हे लक्षात घेतले की आत उतरल्यावर आपण कुठे आहोत ते कळते.

दिशाही इथेच पक्क्या करा. नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या टोकदार पुढच्या भागाकडे, तोंड केले की उजवी बाजू स्टारबोर्ड आणि डावी पोर्ट. स्टारबोर्डचा दिवा हिरवा, पोर्टचा लाल.

जहाज जमिनीवर असेल तर काठावरचा वेळ दुप्पट करा. जर्मनीत लाबो इथल्या किनाऱ्यावर ठेवलेली 'यू-९९५' किंवा विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावरची 'कुरसुरा' या पाणबुड्यांचे जे अंग एरवी पाण्याखाली असते, ते इथे उघडे दिसते.

## टप्पा ५: शिडी आणि दार शिकून घ्या

हा टप्पा दोन मिनिटांचा आहे, पण दुखापती इथेच होतात. मुख्य डेकवरच्या पहिल्या शिडीवर सगळ्यांना शिकवा.

उतरताना तोंड शिडीकडे. घरच्या जिन्यासारखे समोर बघत उतरू नका. युद्धनौकेची शिडी इतकी उभी असते की तसे उतरताना टाच पायरीवर पुरती टेकत नाही आणि पाठ वरच्या पायऱ्यांना घासते. वळा, दोन्ही कठडे धरा, एकेक पायरी खाली या. दोन हात आणि एक पाय कायम टेकलेले. नौदलातले लोक समोर तोंड करून धडाधड उतरतात. त्यांची ती वर्षानुवर्षांची सवय आहे, त्यांची नक्कल नको.

एका शिडीवर एक माणूस. वरचा माणूस घसरला तर तो खालच्याच्या अंगावर येतो.

अपवाद मुलाचा: त्याच्याबरोबर मोठा माणूस हवा, आणि तो नेहमी खालच्या बाजूला. उतरताना मोठा आधी, चढताना मूल आधी.

चढताना शेवटच्या दोन पायऱ्यांवर वर बघा. हॅचचे, म्हणजे मजल्यातल्या वाटेचे, लोखंडी तोंड डोक्याच्या जवळ येते आणि माणूस नेमका तिथे मान सरळ करतो.

आता दार. जलाभेद्य दाराला घोट्याच्या किंवा नडगीच्या उंचीचा लोखंडी उंबरठा असतो, पाणी शिरले तर ते पुढच्या खोलीत जाऊ नये म्हणून. त्यावर पाय देऊन चढू नका. ओलांडा. उंबरठ्यावर चढलेल्या माणसाची उंची वाढते आणि डोके चौकटीवर आपटते. शिवाय गुळगुळीत कडेवरून पाय सटकतो. आधी पाय, मग वाकलेले डोके, मग दुसरा पाय. दाराच्या बिजागरीच्या बाजूला बोटे घालू नका.

सावध: दारात थांबून फलक वाचणे किंवा फोटो काढणे टाळा. एका दारात थांबलेला माणूस म्हणजे मागचा अख्खा मजला खोळंबला.

## टप्पा ६: थेट तळाला

बाणांनी दाखवलेला एकेरी मार्ग असेल तर तो पाळा, पण त्यावरही उघड्या डेकवर रेंगाळू नका. मार्ग मोकळा असेल तर सरळ बॉयलररूम आणि इंजिनरूमकडे निघा. सकाळी तिथे गर्दी नसते, आपले पाय ताजे असतात, आणि मार्गदर्शकाला बोलायला वेळ असतो.

इथे लोक शंभर झडपांकडे बघून गोंधळतात आणि पाच मिनिटांत बाहेर पडतात. सगळे बघू नका. वाफेचा माग काढा. बॉयलरपासून सुरू करा. तिथून निघालेला सर्वांत जाड, कापडी वेष्टनात गुंडाळलेला पाइप शोधा. तो टर्बाइनला, म्हणजे वाफेच्या जोराने फिरणाऱ्या चक्राला, जातो. आधी जास्त दाबाची टर्बाइन, मग कमी दाबाची. तिच्या खाली कंडेन्सर असतो, त्यात समुद्राच्या पाण्याने थंड होऊन वाफेचे पुन्हा पाणी होते आणि ते बॉयलरकडे परत जाते. टर्बाइनच्या पुढे गिअरची मोठी पेटी दिसेल. टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे घेते, जहाज ढकलणाऱ्या मागच्या पंख्याला काहीशे फेरेच हवे असतात. तो फरक ही पेटी सांभाळते. तिथून पंखा फिरवणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, मागे जातो. एवढा एक धागा हाती आला की खोलीतल्या निम्म्या वस्तूंची जागा आपोआप लागते.

बॉयलरला अतिशुद्ध गोडे पाणी लागते आणि ते समुद्राच्या पाण्यापासून जहाजावरच बनवावे लागते. खलाशांच्या आंघोळीला उरेल तेवढेच. ही गोष्ट लक्षात ठेवा, वरच्या मजल्यावर न्हाणीघर दिसेल तेव्हा ती कामाला येईल.

भिंतीवर एक तबकडी शोधा, जिच्यावर पुढे, मागे, हळू, अर्धे, पूर्ण असे हुकूम कोरलेले असतात. ब्रिजवरून आलेला वेगाचा हुकूम इथे उमटायचा. तिचे दुसरे टोक नंतर ब्रिजवर पाहायचे आहे.

सावध: त्या काळच्या जहाजांत पाइपांच्या वेष्टनासाठी ॲस्बेस्टॉस सर्रास वापरले जाई. फाटलेले वेष्टन दिसले तर हात लावू नका, मार्गदर्शकाला सांगा. साखळी लावलेल्या खोलीत "जरा डोकावून" जाऊ नका. आणि झडपेची चाके फिरवून बघू नका. तशा फिरवण्याने जुने आटे कायमचे जातात आणि बदली भाग आता कुठे मिळत नाहीत.

## टप्पा ७: राहण्याचे मजले

तळातून वर येताना हे मजले लागतात: झोळ्या किंवा तीन-तीन थरांचे पलंग, स्वयंपाकघर, दवाखाना, टपाल, कपडे धुण्याची जागा. इथे फलक सर्वांत जास्त असतात आणि ते सगळे वाचायचा मोह होतो. तसे केले तर दिवस इथेच संपेल. एक पलंग निवडा आणि त्या माणसाचा दिवस जुळवा: तो झोपायचा कुठे, त्याची पेटी केवढी, जेवण कुठून आणायचा, आंघोळ कुठे, आणि घंटा झाली की कोणत्या शिडीने कामाला पळायचा. ती शिडी स्वतः चढून बघा.

अमेरिकन जहाजावर असाल तर भिंतीवरचे आकडे वाचायला शिका. बऱ्याच जहाजांवर "२-४५-१-एल" अशा धर्तीची खूण असते. पहिला आकडा मजल्याचा: मुख्य डेक १, त्याखालचा २, आणि मुख्य डेकच्या वरचे ०१, ०२ असे. दुसरा आकडा जहाजाच्या सांगाड्यातल्या, नाळेपासून मोजलेल्या फासळीचा, म्हणजे तो वाढत गेला की तुम्ही मागे चालला आहात. तिसरा शून्य असेल तर खोली मधोमध, विषम असेल तर स्टारबोर्डला, सम असेल तर पोर्टला. शेवटचे अक्षर कामाचे: एल म्हणजे राहण्याची जागा, ई यंत्रांची, एम दारूगोळ्याची. दारांवर एक्स, वाय, झेड दिसले तर ती दारे केव्हा बंद ठेवायची त्याची वर्गवारी असते. झेडची दारे लढाईच्या वेळी बंद होत. वाट चुकलात तर नकाशापेक्षा हे आकडे जास्त कामाचे.

## टप्पा ८: तोफा खालून वर पाहा

तोफेच्या नळीसमोर फोटो काढून पुढे जाणे ही सगळ्यांत सर्रास होणारी चूक. तोफ हे एका उंच यंत्राचे वरचे टोक आहे. त्याची सुरुवात पाण्याच्या पातळीखाली, दारूगोळ्याच्या कोठारात होते. 'बेलफास्ट'वर सहा इंची १२ तोफा आहेत, चार बुरुजांत (फिरत्या पोलादी घरांत) तीन-तीन. एका गोळ्याचे वजन सुमारे ५१ किलो. तो उचलणारा माणूस, वर नेणारा पाळणा, बुरुजात त्याची वाट बघणारा माणूस, आणि मागून वेगळी येणारी दारू, या क्रमाने खालून वर चढा. मग बाहेर डेकवर येऊन नळीच्या मागे उभे राहा, आणि ती कुठे रोखली आहे ते बघा. 'बेलफास्ट'च्या पुढच्या तोफा लंडनबाहेरच्या एम-वन महामार्गावरील एका थांब्यावर रोखलेल्या आहेत, सुमारे २० किलोमीटर दूर. ते ठिकाण डेकवरून दिसतसुद्धा नाही, यातच तोफेचा पल्ला कळतो.

## टप्पा ९: ब्रिज शेवटी

आता ब्रिजवर जा आणि त्या तबकडीचे दुसरे टोक शोधा. तिच्यावरचे शब्द तेच असतील. अनेक जुन्या ब्रिटिश युद्धनौकांवर सुकाणूचे चाक ब्रिजवर सापडणार नाही: सुकाणूवाला खाली बंद खोलीत असे, बाहेरचे काहीही न दिसता, आणि बोलनळीतून येणाऱ्या हुकमावर चाक फिरवी. आधी ब्रिज पाहिलेल्यांना ही नळी नुसती पितळी वस्तू वाटते.

उघड्या डेकसाठी वेळ उरवा. पोलादी डेक उन्हात तापतो, कठड्यांना हात लावून बघितल्याशिवाय मुलांना टेकू देऊ नका. जोराचा वारा किंवा विजा असतील तर वरचे भाग बंद होतात. तसा अंदाज असेल तर मात्र हा क्रम उलटा करा आणि वरचे आधी उरका.

## पाणबुडी असेल तर

इथे क्रम तुमच्या हातात नसतो. एका टोकाने आत, दुसऱ्याने बाहेर, आणि मागे फिरता येत नाही. म्हणून बाहेरचा नकाशा आधी पाठ करा. 'कुरसुरा' ही सोव्हिएत बनावटीच्या फॉक्सट्रॉट वर्गातली पाणबुडी २००१मध्ये निवृत्त झाली आणि २००२पासून संग्रहालय आहे. सुमारे ९१ मीटर लांबीत सात कप्पे: पुढे टॉर्पेडो, मग अधिकाऱ्यांची जागा, मध्ये नियंत्रण कक्ष, पुन्हा राहण्याची जागा, डिझेल इंजिने, विजेच्या मोटारी, आणि मागे पुन्हा टॉर्पेडो. राहण्याच्या दोन्ही कप्प्यांत पायाखाली बॅटऱ्या असतात. डिझेलला हवा लागते, त्यामुळे खोल पाण्यात सगळा भार त्यांच्यावर.

कप्प्यांमधली गोल दारे डोके आधी घालून ओलांडू नका. वरची दांडी असेल तर ती धरा, एक पाय पलीकडे टाका, बसते व्हा, डोके आत घ्या, मग दुसरा पाय. पिशवी पुढच्या माणसाच्या हाती द्या.

बंदिस्त जागेची भीती असेल तर पहिल्या कप्प्यातच मार्गदर्शकाला सांगा. मधल्या कप्प्यातून बाहेर काढणे त्यांनाही अवघड जाते. अणुपाणबुडी पूर्ण पाहता येईल अशी अपेक्षा ठेवू नका. अमेरिकेच्या 'नॉटिलस'चाही पुढचाच भाग खुला आहे.

## विमानवाहू नौका असेल तर

तळ आधी, हा नियम इथे एका ठिकाणी मोडा. डेकवरच्या मनोऱ्यात मार्गदर्शकाबरोबर लहान गटांनीच सोडत असतील, तर ती रांग दिवस चढेल तशी वाढत जाते. सॅन दिएगोच्या 'मिडवे'वर तेच होते. आल्याआल्या तिथे जा, मग खाली उतरा. विमानांनी भरलेले हँगर दुपारच्या उन्हासाठी राखून ठेवा.

## टप्पा १०: उतरण्याआधी

हात धुवा, जुना रंग आणि ग्रीस लागलेल्या हातांनी मुलांना काही खायला देऊ नका. माणसे मोजा. मग एखाद्या मार्गदर्शकाकडे परत जा. बऱ्याच जहाजांवर ही मंडळी स्वतः नौदलात काम केलेली असतात. "किती जहाजं बुडवली?" हा प्रश्न ते रोज ऐकतात. त्यांना विचारा, तुमची ड्यूटी कुठल्या खोलीत असायची, तिथे आवाज किती व्हायचा, वादळात जेवण कसे व्हायचे. एकदा एका वयस्कर गृहस्थांना मी एवढेच विचारले होते की तुम्ही कुठे झोपायचात. ते काही न बोलता उठले आणि मला दोन मजले खाली घेऊन गेले. हे विचारायचे ते गँगवे उतरण्याआधी विचारा, कारण अनेक ठिकाणी त्याच तिकिटावर परत चढता येत नाही.